इंजिनाचे तास भरत आलेत, तरी विमान घ्यावं का?

एकाच मॉडेलची दोन चार आसनी विमानं विकायला आहेत असं समजा. एकाच्या इंजिनापुढे लिहिलंय, ओव्हरहॉलनंतर (म्हणजे इंजिन पूर्ण उघडून पुन्हा जोडल्यानंतर) १८५० तास. दुसऱ्याच्या पुढे ६५० तास, आणि किंमत अर्थातच बरीच चढी. पहिल्यांदाच विमान घेणारा माणूस दुसऱ्याकडे वळतो. पण पहिल्याचं ओव्हरहॉल नऊ वर्षांपूर्वी झालंय आणि ते फ्लाइंग क्लबात वर्षाला दोनशे तास उडतंय, तर दुसऱ्याचं ओव्हरहॉल चोवीस वर्षांपूर्वीचं असून ते वर्षाला जेमतेम सत्तावीस तास उडालंय, असं कळलं तर मी आधी १८५० वालं बघायला जाईन. घेईनच असं नाही, पण आधी ते बघेन.

हा लेख पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांबद्दल आहे. तपासणी परवानाधारक मेकॅनिकच करणार. पण त्याला काय करायला सांगायचं आणि तो जे सांगेल त्याचा अर्थ काय लावायचा, हे घेणाऱ्यालाच कळायला हवं.

आधी तासांचा अर्थ समजून घ्या

इंजिनाचा उत्पादक दोन ओव्हरहॉलमधलं अंतर सुचवतो, त्याला टीबीओ म्हणतात. लायकमिंगच्या ओ-३२० आणि ओ-३६० या घराण्यातल्या बहुतेक इंजिनांना ते २००० तास आहे. काँटिनेंटलच्या आयओ-५२० च्या बऱ्याच मॉडेलांना १७०० तास. रोटॅक्स ९१२ ला २००० तास किंवा १५ वर्षं, यातलं जे आधी येईल ते. लायकमिंग आणि काँटिनेंटल तासांसोबत १२ वर्षांची मर्यादाही सांगतात. जाहिरातीत मात्र तास मोठ्या अक्षरात असतात आणि वर्षांचा पत्ता नसतो.

टीबीओ ही शिफारस आहे. अमेरिकेत खासगी वापराच्या विमानाला ती कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे तिथे टीबीओ ओलांडून उडणारी इंजिनं सर्रास दिसतात. भाड्याने किंवा व्यावसायिक वापरात नियम वेगळे, आणि देशागणिकही वेगळे. विमानाची नोंदणी जिथे होणार आहे तिथल्या नियामकाकडे हे सगळ्यात आधी विचारा. टीबीओला इंजिन खाली उतरवावंच लागणार असेल, तर पुढचा अर्धा लेख तुमच्यासाठी फक्त किंमत ठरवण्यापुरता उरतो.

टीबीओ गाठलं म्हणून इंजिन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. उलट, नुकत्याच जोडलेल्या इंजिनाचे पहिले शंभर-दोनशे तास हा जपून राहण्याचा काळ असतो, कारण जोडणीतली चूक किंवा सदोष भाग बहुधा त्यातच उघडा पडतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने बाँबर विमानांच्या दुरुस्तीच्या नोंदी तपासल्या. ठरावीक तासांनी होणाऱ्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढतात आणि मग हळूहळू कमी होत जातात, असं त्याला दिसलं. उघडून बसवलेल्या यंत्राबद्दलची ही शंका तेव्हापासूनची आहे.

जाहिरातीतले संक्षेपही नीट वाचा. ‘एसएमओएच’ म्हणजे पूर्ण ओव्हरहॉलनंतरचे तास. ‘टॉप ओव्हरहॉल’ म्हणजे फक्त सिलिंडरांचं काम. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा), कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), बेअरिंग जिथल्या तिथे. ‘टॉपनंतर ३०० तास’ असं ठळक लिहिलं असेल, तर तळाचे तास किती हा पहिला प्रश्न. आणि ‘झीरो टाइम’ हा शब्द कारखान्यातून किंवा त्याने नेमलेल्या एजन्सीकडून पुन्हा बांधून आलेल्या, नवी लॉगबुक मिळालेल्या इंजिनालाच लागू होतो. गावातल्या वर्कशॉपने केलेलं काम कितीही सुरेख असलं, तरी ते ‘झीरो टाइम’ नव्हे.

तास मोजले कशावर, हेही विचारा. टॅकोमीटरचे तास इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. फेरे कमी असले की ते सावकाश पुढे सरकतात. हॉब्स मीटर घड्याळासारखा चालतो. दोन्हींत दहा-वीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. एका विमानाचे टॅकचे तास आणि दुसऱ्याचे हॉब्सचे अशी तुलना करून काही हाती लागत नाही.

लॉगबुक शेवटाकडून वाचा

विमान बघायला जाण्याआधी लॉगबुकच्या प्रत्येक पानाची प्रत मागवा. विक्रेता आढेवेढे घेऊ लागला तर तिथेच थांबा. या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी हीच आहे, आणि ती घरबसल्या होते.

आधी एक साधा तक्ता करा: प्रत्येक वार्षिक तपासणीची तारीख, त्या दिवशीचा टॅकचा आकडा, आणि दोहोंतला फरक. ‘२००९ ते २०१४, पाच वर्षांत ३१ तास’ अशी ओळ दिसली, तर त्याच्याभोवती लाल पेनाने गोल करा. दमट हवेत, हँगरबाहेर, न उडता काढलेली ती पाच वर्षं उरलेल्या हजार तासांपेक्षा जास्त नुकसान करून गेलेली असू शकतात. नेमकं काय झालं असेल ते पुढे कॅमशाफ्टच्या भागात सांगतो.

मग ओव्हरहॉलची नोंद शोधा. कोणी केलं, आणि कोणत्या मापांना धरून? नव्या भागांच्या मापांत आणून जोडलेलं इंजिन आणि ‘सर्व्हिस लिमिट’मध्ये बसतंय म्हणून जुनेच भाग परत घातलेलं इंजिन, दोघांनाही कायद्याने ‘ओव्हरहॉल’ म्हणता येतं. सिलिंडर नवे की दुरुस्त केलेले, कॅमशाफ्ट आणि टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे दट्टे) बदलले का, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र), कार्बुरेटर किंवा इंधन सर्व्हो, ऑइल कूलर यांचं काय केलं, हे चांगल्या नोंदीत भागांच्या क्रमांकांसकट असतं. एका ओळीत ‘इंजिन ओव्हरहॉल केले’ आणि खाली सही, एवढंच असेल तर मी ते ओव्हरहॉल जमेस धरताना हात आखडता घेतो.

प्रोपेलर जमिनीला लागल्याची नोंद बहुधा सरळ सापडत नाही. ‘प्रोपेलर बदलला’, ‘प्रोपेलर दुरुस्तीला पाठवला’, ‘पुढच्या चाकाचा फोर्क बदलला’ अशा ओळींआड ती लपलेली असते. त्याच तारखेच्या आसपास इंजिन उघडून तपासल्याची नोंद आहे का ते बघा. दोन्ही मोठे उत्पादक अशा घटनेनंतर इंजिन पूर्ण उघडायला सांगतात. लायकमिंगच्या बहुतेक इंजिनांत तर क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरची आणि त्याच्या बोल्टची तपासणी अमेरिकी नियामकाच्या २००४-१०-१४ या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हने (उडण्यायोग्यतेच्या आदेशाने) सक्तीची केली आहे. तो गिअर सुटला तर इंजिन जागच्या जागी बंद पडतं. नोंद नसेल तर इंजिन उघडायचा खर्च तुमच्या हिशेबात धरा, नाहीतर विमान सोडा.

एखादा सिलिंडर मधेच बदलला असेल तर घाबरायचं कारण नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत ते चालतंच. पण तीन नंबरचाच सिलिंडर तीनदा बदललाय असं दिसलं, तर त्या जागी हवा नीट पोचत नाही किंवा मिश्रण पातळ जातंय, आणि मूळ दुखण्याकडे कोणी पाहिलेलं नाही. विक्रीच्या तोंडावर चारही सिलिंडर काढून बसवले असतील तर मला त्याचा आनंद होत नाही. सिलिंडर धरणारे काही बोल्ट इंजिनाच्या दोन्ही अर्ध्या कवचांना आणि मधल्या बेअरिंगांनाही आवळून ठेवतात. ते सगळे एकदम ढिले करून परत चुकीच्या टॉर्कने आवळले, तर बेअरिंग जागचं सरकू शकतं. अशा कामानंतर निदान पन्नासेक तास दुसऱ्या कोणीतरी उडवलेलं बरं.

लागू असलेल्या डायरेक्टिव्हची यादी मेकॅनिककडून करून घ्या आणि प्रत्येकीपुढे पूर्ततेची तारीख मागा. मॅग्नेटोच्या ५०० तासांच्या तपासणीची नोंदही बघून घ्या. ती हमखास राहून गेलेली असते.

फोनवर विचारायचे प्रश्न

विमान गेल्या वर्षभरात किती वेळा उडालं, कुठे उभं असतं, तेल किती तासांनी बदलता, दर किती तासांनी एक क्वार्ट (लिटरला थोडं कमी) तेल घालावं लागतं, तेलाचे प्रयोगशाळेचे अहवाल आहेत का, इंजिन मॉनिटर असेल तर त्यातला डेटा देता का. बस, एवढंच.

यातलं तेलाचं उत्तर महत्त्वाचं. लायकमिंगच्या सूत्रानुसार १८० अश्वशक्तीच्या इंजिनाने ताशी अर्ध्या क्वार्टहून थोडं जास्त तेल खाल्लं तरी ते मर्यादेत बसतं. ही मर्यादा फार सैल आहे. निकोप इंजिन एका क्वार्टवर सहा ते दहा तास, कधी त्याहून जास्त काढतं. मात्र खरा सुगावा आकड्यापेक्षा बदलात असतो. गेली पाच वर्षं सहा तासांना एक क्वार्ट लागत असेल तर ठीक. गेल्या वर्षी दहा तासांना लागत होतं आणि आता चारला, तर आत काहीतरी झिजतंय.

आणखी एक विनंती फोनवरच करून ठेवा: मी येईपर्यंत तेल बदलू नका आणि त्या सकाळी इंजिन चालू करू नका.

गार इंजिन, आणि काऊलिंगच्या आत

पोचल्यावर पहिल्यांदा काऊलिंगवर, म्हणजे इंजिनावरच्या झाकणावर, हात ठेवा. कोमट लागलं तर कोणीतरी आधीच इंजिन चालवलंय, आणि का, हे विचारायला हरकत नाही. गार इंजिन सुरू होताना पहिली काही सेकंदं खडखडत, एक सिलिंडर गाळून चालतं आणि मग सुरळीत होत असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये अडकतोय. पाश्चात्त्य मेकॅनिक याला ‘मॉर्निंग सिकनेस’ म्हणतात. गाइडमध्ये साचलेली काजळी काढून हे दुरुस्त होतं. दुर्लक्ष केलं तर एक दिवस तो व्हॉल्व्ह हवेत अडकतो, पुशरॉड वाकतो आणि इंजिन निम्म्या ताकदीवर येतं.

चालू करण्याआधी काऊलिंग काढून टॉर्चने सावकाश बघा. निळसर डाग म्हणजे १०० एलएल इंधनाची गळती. एक्झॉस्टच्या जोडाशी पांढरट-राखाडी धुरकट पट्टे म्हणजे तिथून जळका वायू निसटतोय. सिलिंडरच्या पंखांवरचा रंग एकाच जागी करपलेला असेल तर तो सिलिंडर तापत आलाय. हवा अडवून सिलिंडरकडे वळवणारे पत्र्याचे आणि रबराचे बॅफल फाटलेले किंवा उलटे वळलेले असतील, तर का तापला तेही कळतं. दोन अर्ध्या कवचांच्या सांध्यावर आणि सिलिंडरच्या बुडाशी ओलसरपणा आहे का पाहा. काँटिनेंटलच्या ५२० मालिकेतल्या जुन्या हलक्या कवचांना तडे जाण्याचा इतिहास आहे, त्यामुळे तिथे कापडाने पुसून, भिंग घेऊन बघायला लावा.

जुन्या इंजिनावर थोडं तेल असतंच. अगदी चकाचक, नुकतं धुतलेलं इंजिन दिसलं तर वीस मिनिटं उडवून पुन्हा काऊलिंग काढायचं. गळती कुठून आहे ते धुतलेल्या इंजिनावर उलट लवकर दिसतं.

जमिनीवर चालवून बघताना पूर्ण थ्रॉटलला स्थिर विमानात येणारे फेरे, दोन्ही मॅग्नेटोंवर होणारी घट, तेलाचा दाब, हे सगळं विमानाच्या हँडबुकशी ताडून पाहा. मॅग्नेटो एकेक करून बंद केल्यावर होणाऱ्या घटीची लायकमिंगची सर्वसाधारण मर्यादा १७५ फेरे आणि दोन्ही मॅग्नेटोंतला फरक ५० च्या आत अशी आहे. घट अजिबातच झाली नाही तर खूश होऊ नका. मॅग्नेटोची तार तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही तो जिवंत राहतो, आणि असा प्रोपेलर हाताने फिरवणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. स्विच काहीही सांगो, प्रोपेलरला हात लावताना इंजिन पेट घेणार असंच समजायचं.

कम्प्रेशन टेस्ट आणि बोरस्कोप

नवख्यांचा आणि विक्रेत्यांचाही सगळा भर कम्प्रेशनच्या आकड्यांवर असतो. ‘सगळे सत्तरच्या वर!’ असं जाहिरातीत उद्गारचिन्हासह लिहिलेलं असतं. हा आकडा उपयोगी आहे, पण जेवढा मान त्याला मिळतो तेवढ्या लायकीचा नाही.

चाचणी अशी असते. इंजिन गरम असताना एकेक सिलिंडर दाबाच्या टोकाला आणून स्पार्क प्लगच्या भोकातून ८० पीएसआय दाबाने हवा सोडतात. मधे एक ठरावीक मापाचं बारीक छिद्र असतं आणि त्याच्या पलीकडे दुसरा काटा. दुसऱ्या काट्यावर ७२ आलं तर नोंद होते ७२/८०. लायकमिंगच्या मार्गदर्शनानुसार ७० च्या वर ठीक, ६५ च्या खाली गेलं तर झीज सुरू झाली असं धरून लक्ष ठेवायचं, ६० च्या खाली गेलं तर सिलिंडर काढायचा विचार. काँटिनेंटलची रीत वेगळी आहे. तिथे उपकरणातल्या ‘मास्टर ऑरिफिस’ या प्रमाण छिद्राने त्या दिवसाची किमान मर्यादा काढतात आणि ती बऱ्याचदा चाळिशीत येते. त्यामुळे काँटिनेंटलच्या सिलिंडरला ५५ आले म्हणून घासाघीस करायला लागू नका. आधी त्या दिवसाची मर्यादा किती होती ते विचारा. ती नोंदवलेलीच नसेल तर चाचणी अर्धवट झालीय.

आकड्यापेक्षा हवा कुठून निसटतेय ते जास्त बोलकं. तेल भरायच्या तोंडाशी कान नेल्यावर फुसफुस ऐकू आली तर हवा पिस्टनच्या रिंगांवरून जातेय. हे थोडं तरी सगळ्याच इंजिनांत असतं. रिंगा फिरत असतात, त्यांच्या फटी एका रेषेत आल्या तर आज ६२ येतात आणि तासभर उडवून आल्यावर ७१. एअर इनटेककडून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह. एक्झॉस्टच्या नळीतून आला तर मात्र हातातलं काम बाजूला ठेवून बोरस्कोप आत घालायचा.

खरं तर बोरस्कोप सगळ्याच सिलिंडरांत घालायचा. बारीक कॅमेरा स्पार्क प्लगच्या भोकातून आत जातो आणि पडद्यावर चित्र येतं. घेणाऱ्याने मेकॅनिकच्या खांद्यावरून ते स्वतः बघावं. आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. निरोगी व्हॉल्व्हच्या तोंडावर तांबूस-तपकिरी थर असतो आणि तो मधोमध, गोलाकार, सर्व बाजूंना सारखा पसरलेला असतो. बिघडू लागलेल्या व्हॉल्व्हवर हा सारखेपणा मोडतो: काठाच्या एका भागात थर जळून गेलेला, तिथे हिरवट किंवा उघड्या धातूची चंद्रकोर, आणि तिचा मधला बिंदू एका बाजूला सरकलेला. ही चंद्रकोर दिसली तर कम्प्रेशन ७४ आलं असलं तरी तो व्हॉल्व्ह जळायच्या वाटेवर आहे. काठ एकदा तडकला की पुढचे तास मोजकेच. एका सिलिंडरपुरता हा प्रश्न असेल तर सौदा मोडायची गरज नाही, एका सिलिंडरच्या कामाइतकी किंमत कमी करून घ्या.

मग सिलिंडरच्या भिंती. नव्या सिलिंडरवर कोरलेल्या तिरप्या जाळीच्या रेघा अजून दिसत असतील तर उत्तम. १८०० तासांना त्या मधल्या पट्ट्यात पुसट झालेल्या असतात, हेही मान्य. उभे ओरखडे आणि पिस्टनच्या बाजूवर घासल्याच्या खुणा चांगल्या नाहीत. पण माझी नजर तपकिरी ठिपक्यांवर जास्त असते. भिंतीवर गंजाचे खड्डे पडले असतील तर ज्या हवेने ते पाडले, ती हवा इंजिनात वरपर्यंत पोचलेली आहे, आणि वर काय असतं ते पुढे येतंच.

फिल्टर कापून बघा

यासाठी फिल्टर कापायचं खास कटर लागतं. हॅकसॉने कापला तर करवतीचाच कीस आत पडतो आणि मग काहीच कळत नाही. आतला कागदी भाग सुरीने सोडवून, तेल पिळून, पांढऱ्या कागदावर उलगडायचा आणि उन्हात किंवा तेज दिव्याखाली घड्या एकेक करून तिरक्या करून बघायच्या. काळे, ठिसूळ, बोटात चुरडले की पसरणारे कण म्हणजे काजळी. ती सोडून द्या. चमकणारे कण दिसले तर प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून वरून फिरवा. चिकटले तर लोखंड: कॅम, टॅपेट, गिअर, सिलिंडरच्या भिंती. चिकटले नाहीत आणि चंदेरी असले तर बहुधा ॲल्युमिनियम: पिस्टन किंवा पिस्टनपिनच्या टोकाच्या टोप्या. पितळी-तांबूस असले तर बुशिंग. टिंबाएवढे दोन-चार कण जुन्या इंजिनात सापडतात. लोखंडाच्या पातळ, लांबट चपट्या पापुद्र्यांवर मात्र मी तडजोड करत नाही.

तेल बदलून पाचच तास झाले असतील तर फिल्टर स्वच्छच निघणार, म्हणून आधी फोनवर ती विनंती. ज्यांच्याकडे फिल्टर नसून नुसती जाळी आहे, त्यांच्याकडे पुरावा फारच कमी मिळतो; तिथे तेल २५ तासांनी बदलत होते का ते नोंदींत बघा. फिल्टर असेल तर ५० तास किंवा चार महिने.

प्रयोगशाळेत तेलाचा नमुना अवश्य पाठवा, पण एकुलत्या एका अहवालावर निर्णय घेऊ नका. शिशाचा आकडा बघून दचकायला होतं. ते इंधनातलं असतं. सिलिकॉन जास्त असेल तर एअर फिल्टरच्या कडेने धूळ आत जातेय, किंवा नुकतंच कुठेतरी सीलंट लावलंय. लोखंड, क्रोमियम, निकेल यांचे आधीच्या तीन-चार अहवालांतले आकडे शेजारी मांडले तर चढ दिसतो. विक्रेत्याने असे अहवाल वर्षानुवर्षं जपून ठेवले असतील, तर नुसत्या त्या सवयीसाठी मी थोडे जास्त पैसे देईन.

कॅमशाफ्ट: जे सहज दिसत नाही

लायकमिंगच्या नेहमीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन बंद झालं की त्याच्यावरचं तेल निथळून खाली जातं. आत उरलेली दमट हवा, ज्वलनातून आलेलं पाणी आणि आम्ल, हे सगळं मग त्या उघड्या पोलादावर बसतं. महिनोन्महिने विमान उभं राहिलं की कॅमच्या उंचवट्यावर आणि टॅपेटच्या तोंडावर गंजाचे सूक्ष्म खड्डे पडतात. पुढे विमान रोज उडू लागलं तरी ते खड्डे भरत नाहीत. टॅपेटचा पृष्ठभाग तिथून पापुद्र्यांनी सुटायला लागतो आणि कॅमचा उंचवटा घासत जातो. कमी उडालेलं ६५० तासांचं इंजिन मला खुपतं ते याचसाठी. काँटिनेंटलमध्ये कॅमशाफ्ट खाली असल्याने हा त्रास त्या मानाने कमी, पण नाहीच असं नाही.

तो तपासायचा कसा? काँटिनेंटलच्या बऱ्याच मॉडेलांत टॅपेट बाहेरून ओढून काढता येतात, त्यामुळे एक-दोन काढून त्यांचं तोंड बघता येतं. लायकमिंगच्या बहुतेक इंजिनांत त्यासाठी सिलिंडर काढावा लागतो, आणि विक्रेता त्याला नाही म्हणाला तर त्याचं काही चुकलं नाही. मग मधला मार्ग: रॉकर कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते डायल इंडिकेटरने मोजायचं. आठही व्हॉल्व्हचे आकडे लिहून काढा. दोन-तीन व्हॉल्व्ह इतरांपेक्षा ठळकपणे कमी उचलले जात असतील तर त्यांचा कॅम झिजलाय. याच्या जोडीला फिल्टरमध्ये लोखंड आणि जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला फेरे कमी येत असतील, तर आणखी पुराव्याची गरज नाही. हे काम थोड्या वेळाचं आहे, तरी खरेदीपूर्व तपासणीत फारसं कोणी करत नाही. तुम्ही नाव घेऊन सांगा.

मेकॅनिक निवडताना एकच पथ्य: या विमानाची आजवर देखभाल करणारा तो नसावा. आपल्याच जुन्या कामावर शेरा मारायची पाळी कोणावरही येऊ नये.

चाचणी उड्डाण

पूर्ण शक्तीवर लांब चढण घ्या आणि सिलिंडरांचं तापमान बघत राहा. लायकमिंगची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट आणि काँटिनेंटलची ४६० असली, तरी ४०० च्या वर रेंगाळणारा सिलिंडर मला नको असतो. क्रूझमध्ये एकेका मॅग्नेटोवर काही सेकंद चालवून पाहा; जमिनीवर लपलेली प्रज्वलनाची कुरबुर इथे बाहेर येते. उतरल्यावर विमानाच्या पोटाखाली वाका आणि तेलाचा ओघळ नवा की जुना ते बघा.

किंमत कशी बांधायची

या सगळ्या तपासण्यांतून इंजिन आज निरोगी आहे एवढंच कळतं; अजून किती चालेल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून माझा नियम सोपा: टीबीओच्या जवळ आलेलं इंजिन संपलेलं धरून किंमत करायची. ओव्हरहॉलचा पूर्ण खर्च किमतीतून वजा व्हायला हवा. पुढे पाचशे तास मिळाले तर ते तुमचे.

विक्रेता प्रमाण मांडेल: २००० पैकी १८५० झाले, १५० उरले, म्हणजे साडेसात टक्के इंजिन शिल्लक. तेवढ्यावर भांडू नका. खरी घासाघीस पुढच्या खर्चाची आहे, जो ‘ओव्हरहॉल’ या शब्दात येत नाही: इंजिन उतरवणं-चढवणं, सगळे होज, माउंटची रबरं, बॅफल, एक्झॉस्ट, मॅग्नेटो, गव्हर्नर, ऑइल कूलर, आणि इंजिन खाली आहेच तर प्रोपेलरचंही ओव्हरहॉल. शिवाय विमान कित्येक महिने जमिनीवर, आणि हँगरभाडं व विमा चालूच. ओव्हरहॉलच्या दुकानाचं लेखी दरपत्रक आधीच हातात असेल तर ही चर्चा लवकर संपते.

क्रँकशाफ्ट आणि कवच पुन्हा वापरण्याजोगं निघेल की नाही, यावर मोठी रक्कम अवलंबून असते. जुनं इंजिन देऊन तयार इंजिन घ्यायचं ठरवलं तरी तुमचं इंजिन दुरुस्तीलायक नसेल तर जादा आकार लागतो. म्हणून क्रँकशाफ्ट कितव्यांदा ग्राइंड झालाय आणि कवच आधी वेल्ड केलंय का, हे ओव्हरहॉलच्या नोंदीत शोधा.

फसगत जास्त होते ती मधल्या तासांच्या इंजिनात. २५ वर्षांपूर्वी ओव्हरहॉल झालेलं १२०० तासांचं इंजिन विक्रेता ‘चाळीस टक्के शिल्लक’ म्हणून विकतो. मी त्याला १८५० तासांच्याच रांगेत बसवतो, आणि त्या किमतीला विकायला तो बहुधा तयार होत नाही. नुकतंच, विकण्यासाठीच ओव्हरहॉल केलेलं विमानही जपून घ्यावं. जे इंजिन आपण उडवणार नाही त्यावर माणूस कमीत कमी खर्च करतो. तास भरलेलं इंजिन घेण्याचा मोठा फायदा हाच, की पुढचं ओव्हरहॉल कुठे आणि कोणत्या मापांना करायचं हे तुम्ही ठरवता.

पैसे हाताशी नसतील, म्हणजे विमान घेतल्यावर महिनाभरात ओव्हरहॉल करायची वेळ आली तर ते परवडणार नसेल, तर असं विमान घेऊ नका. तपासणीचे निकाल कितीही चांगले आले तरी.

घेतल्यावर पहिले पन्नास तास

करारात लिहून घ्या की तपासणीत उडण्यायोग्यतेला बाधणारा दोष निघाला तर बयाणा परत. विमान ताब्यात आल्यावर तेल लगेच बदला, मग दहा तासांनी, मग पंचविसाला, आणि प्रत्येक वेळी फिल्टर कापून नमुना पाठवा. तुमची स्वतःची मालिका इथून सुरू होते. सगळ्या सिलिंडरांच्या बोरस्कोपच्या चित्रांची फाइल तारखेनिशी ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच व्हॉल्व्हचं चित्र शेजारी ठेवून बघता येतं. सुरुवातीचे तास दिवसाउजेडी, धावपट्टी टप्प्यात राहील अशा बेताने उडा. आठवड्याला एकदा तरी तासभर, तेल नीट तापेपर्यंत उडवा. जमिनीवरच दहा मिनिटं इंजिन चालवून ‘फिरवून ठेवलं’ असं करू नका; तेवढ्यात तेलातलं पाणी उडत नाही, उलट त्यात आणखी भर पडते.